सात दालनं आणि १०२ मिनिटं: शहराच्या संग्रहालयात संध्याकाळी गेलेल्या एका गटाचं प्रकरण

गट ३६ जणांचा. वयं ९ ते ७८. साठी ओलांडलेले ११, शाळकरी मुलं ५, व्हीलचेअरवर एक आजोबा आणि काठी घेऊन चालणाऱ्या दोघी. ठिकाण म्हणजे शहराचा इतिहास मांडणारं दोन मजली संग्रहालय. दालनं सात, काळाच्या क्रमाने लावलेली: वस्तीपूर्वीचा काळ, तटबंदी आणि वेशी, शहराची प्रतिकृती, व्यापार, पाणी आणि रोगांच्या साथी, जुने नकाशे, आणि शेवटी गेल्या शंभर वर्षांचं शहर. आठवड्यातून एक दिवस हे संग्रहालय रात्री ९ पर्यंत उघडं असतं. सगळ्यांना कामावरून सुटून येता यावं म्हणून तोच दिवस ठरला.

कागदावरचा बेत असा होता: ६ वाजता दारात जमायचं, सव्वासहाला आत, पावणेनऊला बाहेर. अडीच तासांत सात दालनं, म्हणजे प्रत्येकी वीस मिनिटं आणि वर थोडी सवड. हिशेब चोख दिसत होता. प्रत्यक्षात ३६ पैकी जेमतेम दहा जण शेवटच्या दालनापर्यंत पोहोचले, तेही घाईघाईने. हे का झालं आणि पुढच्या खेपेला काय बदललं, ते इथे मांडलं आहे.

वेळ कुठे गेला

शेवटचा माणूस ६:२५ ला आला. तिकिटं आयत्या वेळी काढली, तीही चार वेगवेगळ्या दरांची: प्रौढ, ज्येष्ठ, विद्यार्थी, आणि व्हीलचेअरसोबतचा मदतनीस. खिडकीवरच्या माणसाला प्रत्येकाचं वय विचारावं लागलं. मग पिशव्या. कामावरून थेट आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या पाठीवर लॅपटॉपची सॅक होती आणि मोठ्या पिशव्या आत नेता येत नव्हत्या. लॉकर २४, माणसं ३६. उरलेल्यांचं सामान काउंटरवर टोकन देऊन ठेवून घ्यावं लागलं. त्यानंतर स्वच्छतागृह. पहिल्या दालनात गट पूर्ण जमला तेव्हा ६:५८ झाले होते.

दुसऱ्या टोकालाही कात्री लागली. संग्रहालय ९ ला बंद होतं याचा अर्थ ९ वाजता कुलूप लागतं. दालनं रिकामी करण्याची पहिली घंटा ८:४० ला झाली. म्हणजे हातात उरली १०२ मिनिटं. त्यांची वाटणी अशी झाली: पहिलं दालन ३१ मिनिटं, तटबंदी २८, प्रतिकृती १९. तिथेच ८:१६ वाजले. उरलेल्या २४ मिनिटांत चार दालनं.

लोक नाराज होते, पण कशाबद्दल ते नीट सांगता येत नव्हतं. "छान होतं, पण पाय दुखले आणि डोक्यात काही राहिलं नाही," असाच सूर होता.

क्रमाने पाहण्याची किंमत

शहराच्या संग्रहालयात हा तोटा हमखास होतो, म्हणून त्यावर जरा थांबायला हवं. कालक्रम लावणाऱ्याच्या सोयीचा असतो आणि पाहणाऱ्यालाही सरळ वाटतो. पण माणूस ताजातवाना असतो तो सुरुवातीला. तेव्हा तो प्रत्येक फलक वाचतो, प्रत्येक खापराच्या तुकड्यापाशी थांबतो. शेवटी येतं ते आजी-आजोबांच्या आठवणीतलं शहर: जुन्या दुकानांच्या पाट्या, टेलिफोनची यंत्रं, पाडलेल्या इमारतींची दारं, पहिल्या नळजोडणीचे कागद. ज्या वस्तूंपाशी गटातली माणसं स्वतः बोलती होतात, नेमक्या त्याच वस्तूंपाशी वेळ संपलेला असतो.

अशी संग्रहालयं उभी राहण्यामागे बरेचदा हीच तळमळ होती. पॅरिसमध्ये जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले जात होते, त्याच काळात, १८६६ मध्ये, नगरपालिकेने कार्नाव्हाले नावाचा जुना वाडा विकत घेतला आणि १८८० मध्ये तिथे शहराच्या इतिहासाचं संग्रहालय खुलं केलं. दुकानांच्या जुन्या लोखंडी आणि लाकडी पाट्यांचं तिथलं दालन आजही लोक आवर्जून पाहतात. डोळ्यांदेखत नाहीसं होणारं शहर सांभाळून ठेवायचं होतं. तो भाग घाईत उरकला, तर भेटीतला जीवच निघून जातो.

एका काचपेटीसमोर किती माणसं

गर्दीचा अंदाज मोजूनच बांधावा. दीड मीटर रुंदीच्या काचपेटीसमोर खांद्याला खांदा लावून तिघं उभी राहतात. त्यांच्या खांद्यांवरून आणखी तिघं डोकावतात. एका वेळी सहा. ३६ जणांना पाहू द्यायचं तर सहा पाळ्या, आणि प्रत्येक पाळीला ४० सेकंद धरले तरी एका पेटीमागे चार मिनिटं. आठ पेट्या नीट पाहायच्या म्हणजे अर्धा तास संपला. पहिल्या दालनात ३१ मिनिटं का गेली, याचं उत्तर इतकं सरळ आहे. कुणी रेंगाळलं नव्हतं.

प्रतिकृतीच्या दालनात तर आणखी पंचाईत. टेबल ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद. लांब बाजूंपैकी एक भिंतीला टेकलेली. म्हणजे कठड्याची मोकळी लांबी १० मीटर. माणशी ६० सेंटिमीटर धरले तर १६ जणांची जागा. उरलेले २० जण मागून पुढच्यांच्या पाठी पाहत राहिले. मुलांना कठड्यावरून दिसेना आणि व्हीलचेअर आत घालायला कुणी बाजूला सरकेना, कारण सरकायला जागाच नव्हती.

मार्गदर्शकाचा आवाज हीही अशीच मोजायची गोष्ट. फरशी, उंच छत, काचा, कुठेही आवाज शोषणारं काही नाही. अशा दालनात साध्या आवाजात बोलणाऱ्याचं स्पष्ट ऐकू येतं ते बारा-पंधरा जणांना. या गटात मार्गदर्शक पुढच्या पेटीपाशी पोहोचून बोलायला लागे, तेव्हा शेपूट आधीच्या पेटीपाशी असे. शेपूट येई तोवर निम्मं सांगून झालेलं. मग प्रश्न, पुन्हा तेच उत्तर, आणि पुढचे कंटाळून भलतीकडे. गळ्यात अडकवायचे छोटे रिसीव्हर आणि मार्गदर्शकाच्या कॉलरला माइक असा संच मिळाला, तर आवाजाचा प्रश्न सुटतो. मात्र त्याने दिसण्याचा प्रश्न सुटत नाही, हे विसरू नये.

मंद उजेड

ज्येष्ठांची सर्वांत मोठी तक्रार होती की फलक वाचता येत नाहीत. त्यांनी ती दबक्या आवाजात केली, जणू दोष त्यांच्या चष्म्याचा होता. तो त्यांचा नव्हता.

कागद, कापड, जलरंग यांच्यावर पडणारा उजेड संग्रहालयं साधारण ५० लक्सवर ठेवतात (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक). तैलचित्रांना २०० पर्यंत चालतो. कारण उजेडाची इजा साठत जाते आणि भरून येत नाही. ५० लक्सचा दिवा रोज ८ तास, वर्षाचे ३०० दिवस जळला की कागदावर १,२०,००० लक्स-तास जमा होतात. दर आठवड्याला एक संध्याकाळ ३ तास जास्त उघडं ठेवलं, तर ५० आठवड्यांत त्यात ७,५०० ची भर पडते. म्हणूनच काही संग्रहालयं संध्याकाळी कापडांचं किंवा नकाशांचं दालन बंदच ठेवतात, किंवा पेटीवर पडदा टाकतात. या गटाला नकाशांच्या दालनातला एक कोपरा बंद मिळाला आणि फोन करून आधी विचारलं नव्हतं म्हणून विरस झाला.

आता पाहणाऱ्याची बाजू. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश उजेड पोहोचतो. बाहुली आक्रसते, भिंग पिवळसर होतं. त्यात झगझगीत प्रवेशकक्षातून एकदम मंद दालनात आलं की डोळे सरावायला काही मिनिटं लागतात. दिवसा खिडक्यांतून शिरणारा उजेड थोडी मदत करतो. संध्याकाळी तीही नाही. उलट समोरच्या भिंतीवरच्या उजळलेल्या पेट्या काचेत उमटतात, आणि पाहणाऱ्याचा पांढरा सदरासुद्धा उमटतो. गडद कपड्यांतला माणूस पेटीसमोर उभा राहिला की त्याच्या सावलीतून आतला कागद अचानक स्वच्छ दिसतो. ही युक्ती तिथल्या एका कर्मचारी ताईंनी दाखवली आणि पुढच्या खेपेच्या सूचनापत्रात तिला जागा मिळाली: गडद रंगाचे कपडे घाला.

मोबाइलचा टॉर्च कुणीही लावू नये. एकाने लावला की दहा जण लावतात, आणि काचेवर झगमगाटच जास्त होतो. त्यापेक्षा निवडक फलकांचा मजकूर आधी मिळवून मोठ्या, १८ पॉइंटच्या अक्षरात छापून घ्यावा. साधं भिंगही कामाचं, फक्त ते काचेला टेकवायचं नाही.

पायांचं दुखणं

बोस्टनच्या कलासंग्रहालयातले बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये एक सोपा प्रयोग मांडला होता. एका माणसाला वस्तूंबद्दल साधे प्रश्न दिले आणि उत्तरं शोधताना त्याला वाकावं, बसावं, मान वर करावी कसं लागतं याची छायाचित्रं घेतली. थकवा चालण्यापेक्षा त्या वाकण्या-थांबण्यातून येतो, हे त्यातून स्पष्ट दिसतं. संग्रहालयातल्या थकव्याला त्यांनी दिलेलं 'म्युझियम फटीग' हे नाव आजही वापरात आहे. संध्याकाळी येणारा माणूस दिवसभराचं काम करून आलेला असतो, त्यामुळे त्याचा थकवा शून्यापासून सुरू होत नाही. १०२ मिनिटांत या गटाला बसण्याची एकही ठरलेली वेळ नव्हती. सात दालनांत मिळून बाकं चार, आणि ती पहिल्या दहा मिनिटांत भरली.

पुढची खेप

दीड महिन्याने त्याच संग्रहालयात त्याच मंडळींचा दुसरा बेत झाला. या वेळी ३३ जण. पहिला बदल सगळ्यांत अवघड होता, कारण तो मनाला पटवावा लागला: सात दालनं पाहायची नाहीत. तीन पाहायची आणि एकच प्रश्न घेऊन जायचं. प्रश्न निवडला, "या शहराला पाणी कुठून मिळत होतं?" हा प्रश्न प्रतिकृतीत दिसतो, साथींच्या दालनात दिसतो आणि शेवटच्या दालनात नळाच्या तोटीपर्यंत येतो. पाण्याच्या नकाशात किती ताकद असते, हे लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरांनी १८५४ च्या कॉलऱ्यात दाखवून दिलं. मृत्यूंच्या खुणा नकाशावर मांडल्यावर त्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती दाट झालेल्या दिसल्या. शहराच्या संग्रहालयातला साधा दिसणारा नकाशाही असं काही सांगत असतो. त्याला विचारावं लागतं.

दुसरा बदल गटाचा. अकरा-अकराचे तीन गट. प्रत्येकात एक पुढारी आणि एक शेवटचा. शेवटच्याचं काम एकच: त्याच्या मागे कुणी राहता कामा नये. तिन्ही गटांनी वेगवेगळ्या दालनांतून सुरुवात केली. पहिला प्रतिकृतीपासून, दुसरा पाणी आणि साथींपासून, तिसरा थेट शेवटच्या दालनापासून. पाळ्या ६:२५, ६:५५ आणि ७:२५ ला. प्रत्येक २५ मिनिटांची, मध्ये ५ मिनिटं जाण्या-येण्याची. ७:५० नंतर ३५ मिनिटं मोकळी, ज्याला जे दालन हवं ते. ८:२५ ला प्रवेशकक्षात जमायचं, म्हणजे घंटेच्या आधी. ज्येष्ठांना तीन गटांत समसमान वाटलं. व्हीलचेअरचा गट प्रतिकृतीपासून सुरू केला, कारण ते दालन तळमजल्यावर, लिफ्टला लागून होतं.

आठवडाभर आधी केलेल्या एका फोनने अर्धं काम झालं. विचारलेले प्रश्न असे: त्या संध्याकाळी कुठली दालनं बंद असतील? घंटा किती वाजता होते? लिफ्टला किल्ली लागते का आणि ती कुणाकडे असते? घडीच्या स्टुलांची सोय आहे का? दुकान कधी बंद होतं? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण पहिल्या खेपेला नकाशाची प्रत घ्यायची ठरवून बसलेले सहा जण बंद दारावरून परतले होते. दुकान ८ लाच मिटत होतं. स्टुलं बारा मिळाली. तिकिटं वयोगटांच्या यादीसह आधी काढली. पिशव्या आणू नका, असं दोनदा कळवलं, तरी नऊ आल्या. त्या लॉकरमध्ये मावल्या.

प्रतिकृतीपाशी अकरा जण आरामात मावतात. पाहायची रीतही ठरवली: आधी प्रमाण विचारायचं. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये १९६४ च्या जागतिक मेळ्यासाठी अख्ख्या शहराची प्रतिकृती बनवली गेली, ती १:१२०० प्रमाणात आहे. या प्रमाणात १५ मीटर उंचीची इमारत साडेबारा मिलिमीटरची होते आणि माणूस दीड मिलिमीटरचाही भरत नाही. हा आकडा एकदा डोक्यात बसला की मुलं आपोआप मोजायला लागतात: या वेशीतून त्या तळ्यापर्यंत चालायला किती वेळ लागला असेल? चालण्याचा वेग मिनिटाला ७५ मीटर धरा आणि दोरीने अंतर मोजा. दोरी वळणावळणाने लावायची, सरळ नाही. एका मुलीने तळ्यापासून दूरच्या वस्तीपर्यंत मोजून उत्तर काढलं, एका फेरीला २२ मिनिटं, आणि मग डोक्यावर हंडा घेऊन ती सावकाश चालून दाखवू लागली. त्यानंतर पाण्याबद्दल कुणाला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

मोकळ्या वेळात नकाशांच्या दालनात गेलेल्यांना तीन गोष्टी आधी सांगून ठेवल्या होत्या. उत्तर दिशा कुठे आहे ते शोधा, ती वरच असेल असं धरू नका. नदी किंवा किनारा शोधा, रस्त्यांची नावं बदलतात, पाणी सहसा जागेवर राहतं. आणि मोजणीचं साल आणि छापल्याचं साल वेगळं असू शकतं, कोपऱ्यातला बारीक मजकूर वाचा. एका नकाशाच्या घडीवर कागद इतका झिजला होता की पुलाचा अर्धा भागच नाहीसा झाला होता, आणि लोक बराच वेळ त्या फिकट पट्टीपाशी थांबले.

तरी काय चुकलं

शेवटच्या दालनातली पाळी लांबली. तिसऱ्या गटातल्या दोन आजी टेलिफोनच्या यंत्रापाशी बोलू लागल्या: कुणाच्या घरी पहिला फोन आला, निरोप द्यायला कोण धावत यायचं. पुढाऱ्याने त्यांना थांबवलं नाही, आणि ते बरोबरच केलं. पण त्यामुळे पुढची पाळी नऊ मिनिटं उशिरा सुरू झाली. तिथे ३५ मिनिटं धरायला हवी होती. तीन पाळ्या समान असाव्यात हा हट्ट नकाशावर शोभतो, माणसांवर नाही.

लिफ्टची किल्ली ज्यांच्याकडे होती ते वरच्या मजल्यावर होते. सात मिनिटं गेली. किल्लीवाल्याचं नाव आणि जागा दोन्ही विचारायला हवं. मुलांना दिलेलं शोधपत्रक, "पाणी वाहून नेण्याच्या पाच वस्तू शोधा", दहा मिनिटांत संपलं. पाचऐवजी बारा चालल्या असत्या, आणि एक तरी वस्तू चित्र काढून आणायला लावली असती तर मुलं टिकली असती. आणि पाऊस आला. ३३ ओल्या छत्र्या. आधीच दालनात माणूस तासाला सुमारे ५० ग्रॅम बाष्प सोडतो. ओल्या छत्र्या आत नेऊ न देण्याचा नियम जुन्या कागदांसाठी योग्यच आहे. पण छत्र्या ठेवायला स्टँड एकच होता, आणि निघताना कोणती कुणाची यात दहा मिनिटं गेली. हँडलला नावाची चिठ्ठी बांधायला सांगणं फुकटात होतं.

एक गोष्ट मात्र ठरवल्यापेक्षा चांगली झाली. संध्याकाळच्या बेताचा फायदा म्हणून सगळ्यांना पाऊण तास आधी, ऊन असताना बाहेर बोलावलं होतं. जमण्याची जागा संग्रहालयाच्या दारात न ठेवता जवळच्या एका रस्त्याच्या वळणावर ठेवली. काही सांगितलं नाही. तिथे इमारतींची रांग सरळ चालता चालता अकारण गोल वळते. आत गेल्यावर प्रतिकृतीत तटाची भिंत त्याच जागी, त्याच गोलाईत उभी दिसली. तट पाडले जातात, पण त्यांच्या कडेने वसलेल्या घरांच्या हद्दी राहतात आणि रस्ता त्याच ओळीने जातो.

८:३६ ला शिरगणती झाली, ३३ भरले. बाहेर पाऊस थांबला होता. स्टेशनकडे जाणारे त्याच वळणावरून गेले, आणि व्हीलचेअरवरच्या आजोबांनी तिथे खुर्ची थांबवायला सांगितली. दिव्याच्या उजेडात ओला रस्ता वळत गेलेला दिसत होता. त्यांनी हाताने भिंतीची उंची दाखवली, मग वेस कुठे असेल ते, आणि ते नेमकं मोजता यावं म्हणून त्या मुलीने खिशातून दोरी काढली.